बाळाला दूध आणि सोयाबीन दोन्ही सोसत नाही. बाळंतिणीनं जेवायचं काय?

रानजाई | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

नमस्कार. रिसोड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. बाळ झोपलंय तोवर लिहून घेते, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी मुलगी अकरा आठवड्यांची आहे. जन्मापासून अंगावर पिते. सहाव्या-सातव्या आठवड्यात तिची शी चिकट, शेंबडासारखी व्हायला लागली आणि एका सकाळी दुपट्यावर लाल दोऱ्यासारखं रक्त दिसलं. पाय पोटाशी घेऊन रडायची, पिताना मध्येच तोंड सोडून अंग ताणायची, गालांवर खरखरीत पुरळ. एका दवाखान्यात आव पडली म्हणून पाच दिवसांचं औषध दिलं. फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आईचं दूध बाधतंय, ते बंद करा आणि सोयाची पावडर पाजा. दोन दिवस पाजली. रक्त उलट वाढलं, उलट्या सुरू झाल्या. मग आम्ही अकोला गाठलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सगळं विचारून घेतलं, शी पाहिली, वजन केलं आणि म्हणाले, हिला दुधातलं प्रथिन सोसत नाही आणि सोयाबीनमधलंही नाही. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. तुम्ही जे खाता त्यातल्या प्रथिनाचा थोडा अंश तुमच्या दुधात उतरतो, म्हणून तुमच्याच ताटातून दूध आणि सोया काढा. पंधरा दिवसांनी दाखवायला या.

घरी आले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. गोठ्यात दोन म्हशी. ओसरीवर सोयाबीनच्या कट्ट्यांची थप्पी, कालच मळणी झाली. फोडणीला सोयाबीनचं तेल. सासूबाईंनी माझ्या बाळंतपणासाठी साठवलेलं तूप बरणीत. त्या म्हणाल्या, "बाळंतीन दूध-तूप खाईन नाई त लेकराले दूध येईन कुठून?" त्यांना दुखवायचं नाही, माझ्यासाठीच जीव तुटतो त्यांचा.

काल दिवसभर मी भात, मीठ आणि लिंबाच्या लोणच्यावर काढला, कारण बाकी कशात काय आहे ते कळेना. असं किती दिवस चालणार? तूप चालतं का? शेळीचं दूध? तेलाचं काय करू? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

पळसफूल | ९ ऑक्टोबर, रात्री ११:५२

ताई, आधी पोटभर जेव. भात-लोणच्यावर अंगावर पाजणारी बाई टिकत नाही.

माझ्या मुलाला हेच होतं. आता तो दुसरीत आहे आणि दह्याची वाटी चाटूनपुसून खातो. तेव्हा आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे होतो. मलाही सुरुवातीला वाटलं की खायला काही उरलंच नाही. मग माझ्या आईनं एका संध्याकाळी बसून मोजलं. भाकर, पिठलं, तुरीचं वरण, मुगाची खिचडी, वांग्याची भाजी, आलूची भाजी, पातोडी, मेथी, अंबाडी, जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, वडाभात, गोळाभात, अंडी, मटण, मासे. यात कुठं आहे दूध? कुठं आहे सोयाबीन? आपल्या आजीच्या चुलीवर सोयाबीन नव्हतंच. ते शेतात आलं आपल्या वडलांच्या काळात.

जवसाची_चटणी | १० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

+१. फक्त गोळाभात, पातोडीवर तूप-दही न घेता. लसणाची फोडणी घालून जास्त छान लागतात.

वऱ्हाडी_काकू | १० ऑक्टोबर, सकाळी ९:३५

बाई, शेळीचं दूध पाहून घे. हलकं असते. आमच्या टायमाले मायचं दूध कमी पडलं की शेळीचंच द्यायचे. गांधीजीबी सेवाग्रामात शेळीचंच दूध घेत. अन् पोट दुखते त गुटी उगाळून दे, मुरडशेंग अन् हळकुंड. आमची चार लेकरं गुटीवर वाढली.

वैनगंगाकाठ | १० ऑक्टोबर, सकाळी १०:२०

काकू, मी भंडारा जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षं परिचारिका होते. तुमचं वय आणि मान राखून सांगते, या बाळाला शेळीचं दूध नको. गाय, म्हैस, शेळी या तिघींच्या दुधातली प्रथिनं एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्याला गाईचं सोसत नाही त्या बहुतेक बाळांना बाकी दोन्हीही सोसत नाहीत. गांधीजींनी गाई-म्हशीच्या दुधाचं व्रत घेतलं होतं म्हणून ते शेळीचं घेत, त्यांच्या पोटाचा प्रश्न नव्हता. आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाच्या पोटात काही जायला नको, गुटीही नको. उगाळण्याचा दगड, पाणी, हात, यातूनच जुलाब लागतात. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र द्यायचेच.

रानजाई, 'असं किती दिवस चालणार' या तुमच्या प्रश्नाकडे येते. यासाठी रक्ताची एकही तपासणी छातीठोकपणे हो किंवा नाही सांगत नाही, कारण हा प्रकार अंगावर गांधी उठणाऱ्या लगेचच्या ॲलर्जीपेक्षा वेगळा. यात आतड्याच्या अस्तराला सूज येते, तास-दिवसांनी लक्षणं दिसतात. म्हणून डॉक्टर आईच्या आहारातून तो पदार्थ काढतात, दोन ते चार आठवडे वाट पाहतात, बरं वाटलं की एकदा परत देऊन खात्री करतात. काहींचं रक्त तीन-चार दिवसांत थांबतं, काहींना पंधरा दिवस लागतात. शेंबूड आणि पुरळ जायला आणखी वेळ. तेव्हा चौथ्या दिवशी धीर सोडू नका.

निळी_सायकल | १० ऑक्टोबर, दुपारी १:०५

लॅक्टोज फ्री पावडर मिळते ना मेडिकलमध्ये? माझ्या भाच्याला जुलाब लागले तेव्हा तीच दिली होती.

पळसफूल | १० ऑक्टोबर, दुपारी १:३०

नाही हो, इथंच सगळ्यांची गफलत होते. लॅक्टोज ही दुधातली साखर. हिला त्रास होतोय तो प्रथिनाचा. लॅक्टोज फ्री डब्यात साखर काढलेली असते, प्रथिन तसंच असतं. तुमच्या भाच्याला जुलाबानंतर काही दिवस साखर पचत नसेल, तो वेगळा मामला. आईच्या दुधातसुद्धा लॅक्टोज भरपूर असतं, आणि आई जेवणात दूध घेवो न घेवो, ते तिच्या शरीरातच तयार होतं.

काळीमाती | १० ऑक्टोबर, रात्री ८:४५

ताई, मी बाप आहे, दिग्रसकडचा. आमच्या पोराचं निघालं तेव्हा बायकोपेक्षा मला जास्त लाज वाटली होती. बारा एकरात सोयाबीन अन् घरातल्या लेकराला त्याचा अंशही चालत नाही.

तेलाचं सांगतो, कारण मी त्यावर महिनाभर डोकं घातलं. रिफाइंड सोयाबीन तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही, त्यामुळं बहुतेकांना ते सोसतं. आमच्या नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. पण घाण्यावरून सोयाबीनचं तेल काढून आणत असाल तर ते नको, त्यात गाळ असतो. आम्ही तरीबी पहिला महिना सगळंच शेंगदाणा तेलावर केलं. मन शांत राहते. करडई, जवस, तीळ, कशाचंबी चालते.

ज्वारीचं_कणीस | १० ऑक्टोबर, रात्री ९:१५

शेंगदाणा तेल परवडतं का सगळ्यांना? माझ्या मते उगाच तेल बदलायला लावू नये. आधीच बाळंतीण घाबरलेली. रिफाइंड चालतं म्हणता तर चालू द्या की.

काळीमाती | १० ऑक्टोबर, रात्री ९:२८

परवडत नसेल तर रिफाइंडच ठेवावं, माझं काही म्हणणं नाही. तेल कमी करू नये एवढंच. पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात.

पळसफूल | १० ऑक्टोबर, रात्री ९:५०

तुपाचं राहिलंच. मी पण विचार केला होता की तूप म्हणजे नुसती चरबी, प्रथिन कुठलं? पण घरी लोणी कढवताना तळाला जी बेरी बसते ना, ती सगळी दुधाची प्रथिनंच. गाळलं तरी थोडी वर राहते. पहिल्या महिन्यात तूप बंद ठेव. बाळ पूर्ण बरं झालं की डॉक्टरांना विचारून तुपापासूनच परत सुरुवात करता येते, माझं तसंच झालं. सासूबाईंना सांग, बरणी फेकायची नाही, झाकून ठेवायची.

पायवाट | ११ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

मी आशा सेविका आहे, दर्यापूर तालुक्यात. ताई, तुमच्या गावातल्या आशाताईला हे सगळं सांगा. लपवू नका. आम्हाला माहीत नसलं तर आम्ही तुम्हालाच म्हणणार की बाळंतिणीनं दूध प्या.

कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने रोज दोन, सरकारी मिळतात, त्या सोडू नका. दूध बंद आहे म्हटल्यावर तर नाहीच. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची एकदम घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. शिवाय तीळ. आपल्याकडे तिळाची चटणी फक्त संक्रांतीच्या आसपास आठवते, तुम्ही रोज दोन चमचे खा. शेवग्याच्या पानांची भाजी दारात असते, कुणी तोडत नाही. मिळाली तर नाचणी आणा.

अंगणवाडीतून स्तनदा मातेचा आहार येतो, त्याचं पाकीट नीट वाचा. त्यात सोयाबीनचं पीठ किंवा दूध पावडर असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या आणि सेविकेला सांगून ठेवा.

बाळाचं वजन दर महिन्याला कार्डावर मांडून घ्या. रेषा वर जाते आहे तोपर्यंत जीवाला घोर लावून घेऊ नका. पण ताप आला, बाळ पिईना, मलूल पडलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये खूप रक्त आलं, किंवा थोड्या थोड्या वेळानं कळ येऊन किंचाळून रडायला लागलं, तर धागा वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. आतड्यात आतडं अडकण्याचा आजार असतो, त्यातही रक्तमिश्रित शेंबूड पडतो, आणि तिथं तासही महत्त्वाचा असतो.

अजून एक. आमच्याकडं मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडानं पोटावर चटके देतात. मी स्वतः असं बाळ पाहिलंय, बोटभर लांबीचे डाग. कुणी कितीही मायेनं सुचवलं तरी नाही म्हणा.

रानजाई | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू? आज भाकर, तुरीचं वरण, मेथीची सुकी भाजी, तिळाची चटणी असं बसून जेवले. सासूबाईंना पळसफूल ताईंचं बेरीचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी माझ्या भाजीला वेगळी कढई काढली.

सोयाबीनच्या धुळीचं काय? अंगणात मळणीचं कुटार पडलंय.

काळीमाती | ११ ऑक्टोबर, रात्री १०:५५

हा आजार पोटात जाणाऱ्या प्रथिनाचा आहे, धुळीनं शीमध्ये रक्त येत नाही असं आम्हाला सांगितलं होतं. पण बाळाला मळणीपासून लांबच ठेवा. बार्सिलोना बंदरात १९८०च्या दशकात जहाजातून सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीनं शहरात दम्याच्या लाटा आल्या होत्या. मी कापडानं तोंड बांधायला लागलो ते हे वाचल्यापासून.

अंजन | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मी वेगळा अनुभव सांगते, रागावू नका. मी वर्ध्याजवळ जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझी रजा संपली, रोज अठरा किलोमीटर गाडी, आणि बाळाचं वजन थांबलेलं. दोन महिने दूध-सोया सोडूनही रक्त थांबेना. शेवटी डॉक्टरांनी अमिनो ॲसिडची पावडर लिहून दिली, ज्यात प्रथिन आधीच पूर्ण तोडलेलं असतं. डबा फार महाग. मागवावा लागे. पण चार दिवसांत माझं बाळ शांत झोपलं आणि मी त्या रात्री खूप रडले.

अंगावरचं दूध सर्वात चांगलं, मान्य. पण ज्या आईला जमलं नाही तिला अपराधी वाटू देऊ नका.

वैनगंगाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:४०

अंजन, तुम्ही बरोबरच केलंत. वजन थांबलं की तो डबा औषधच असतो.

बाकीच्यांसाठी डब्यांबद्दल नीट सांगते, कारण दुकानात गोंधळ होतो. प्रथिनाचे बारीक तुकडे केलेली पावडर बहुतेक बाळांना चालते, फार त्रास असेल तर अंजननं दिली ती पूर्ण तोडलेली. अर्धवट तोडलेली 'पचायला सोपी' म्हणून मिळते, ती या बाळांना उपयोगाची नाही. सोयाची पावडर सहा महिन्यांच्या आत देतच नाहीत, आणि दूध न सोसणाऱ्या काही बाळांना सोयाही सोसत नाही, रानजाईच्या मुलीचं तेच झालं. पावडर वाचवायला पाणी वाढवू नका, चमचा सपाट भरून जेवढ्यास तेवढं पाणी. १९९२च्या कायद्यानं बाळाच्या डब्यांची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने द्यायला बंदी आहे. कुणी हातात डबा ठेवला तर आधी डॉक्टर.

ज्वारीचं_कणीस | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

बिस्किटांचं कुणी बोललं नाही. माझी वहिनी सगळं सोडून बसली होती आणि चहात (कोरा चहा!) रोज चार बिस्किटं बुडवून खायची. पाकिटावर बारीक अक्षरात 'मिल्क सॉलिड्स'. टोस्ट, खारी, पाव, सगळ्यांत बघायचं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी एवढंच, त्यात दूध नाही असा अर्थ होत नाही. घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, दूध आणि सोयाबीन असेल तर तिथं लिहावंच लागतं. इंग्रजीत असते, पण 'मिल्क', 'केसिन', 'व्हे', 'सोया' ही चार नावं फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

आणि दवाखान्यातून बाळंतिणीला जी ताकदीची पावडर देतात ना, चॉकलेटी डब्यातली, तिच्यात बहुतेक वेळा दूध आणि सोया दोन्ही असतात.

रानजाई | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:०५

अगं बाई. ती पावडर मी रोज पाण्यात घेत होते! दूध नाही म्हणून पाण्यात!! आत्ता डबा पाहिला. दुसऱ्याच शब्दाला 'सोया'.

जवसाची_चटणी | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

सापडला एक चोर.

रानजाई | २४ ऑक्टोबर, दुपारी २:५०

पंधरा दिवस झाले. पावडर बंद केल्यावर पाचव्या दिवसापासून रक्त दिसलं नाही. पुरळ निम्मं. मुलगी पिऊन झाल्यावर हसते. कोजागिरीला सगळ्यांच्या हातात दुधाचे पेले होते, मी गुळाचा कोरा चहा घेतला. यांनीही दूध घेतलं नाही.

पण कालपासून परत. दुपट्यावर तोच लाल धागा. मी दुधाचा थेंब घेतला नाही, शप्पथ. तेल शेंगदाण्याचं. बिस्किट नाही. वरण, भाकर, पोळी, भाजी. अकोल्याला फोन केला, म्हणाले बाळ नीट पीत असेल आणि ताप नसेल तर दोन दिवस बघा, काय नवीन खाल्लं ते लिहून काढा. लिहून काढलं. नवीन काहीच नाही.

पळसफूल | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

पोळी? आधी भाकर म्हणत होतीस. पोळी कधीपासून?

रानजाई | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

तीन-चार दिवस झाले. ज्वारीचं पीठ संपलं म्हणून सासूबाईंनी गहू दळून आणला. घरचाच गहू आहे.

पळसफूल | २४ ऑक्टोबर, दुपारी ३:२४

गव्हात काही मिसळून दळला का, विचार.

रानजाई | २४ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

ताई.

विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "आपण त नेहमीच टाकतो, पायलीमागं मूठभर सोयाबीन. पोळी नरम येते." मग त्यांच्याच लक्षात आलं. तशाच खाली बसल्या. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन म्हणत होत्या, "माह्याच हातानं गं बाई, माह्याच हातानं." मी त्यांना धरून बसले. तेलावर, बिस्किटावर इतकं बोललो आपण, पिठाचं मला स्वतःलाही सुचलं नाही.

वऱ्हाडी_काकू | २४ ऑक्टोबर, दुपारी ४:४०

त्याहिले सांग, रडू नका म्हणा. मीबी टाकतो गव्हात सोयाबीन. अर्धा जिल्हा टाकते. ज्याच्या शेतात पिकते त्याच्या पिठात जातेच. अन् शेळीच्या दुधाचं मी चुकीचं सांगतलं, वैनगंगाबाईनं समजावलं ते बरं केलं.

काळीमाती | २४ ऑक्टोबर, रात्री ८:०५

एवढ्यावर थांबू नका. चक्कीचं पण बघा. आमच्या गावात एकच चक्की. आपल्या आधी कुणाचं सोयाबीन घातलेलं दळण पडलं असेल तर त्याचं पीठ आत राहते आणि ते आपल्या डब्यात येते. मी चक्कीवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो आमचं दळण सकाळी पहिलं, चक्की झाडून लावायचा. पहिलं दोनेक ओंजळ पीठ म्हशीच्या घमेल्यात. त्याच्या बायकोलाही सगळं माहीत झालं होतं, पोराची चौकशी करायची. काही दिवस आईनं घरच्या जात्यावर ज्वारी दळली. तिला येतात त्या ओव्या मी पहिल्यांदा तेव्हा ऐकल्या.

पायवाट | २५ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

हे चक्कीचं मी माझ्या गावातल्या बैठकीत सांगणार आहे.

निळी_सायकल | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

सोया नाही म्हणजे तूर, मूग, हरभरा, शेंगदाणे पण बंद करायचे का? सगळी द्विदलंच ना.

वैनगंगाकाठ | २५ ऑक्टोबर, सकाळी १०:५०

नाही. सोयाबीन न सोसणाऱ्या बहुतेकांना बाकी डाळी आणि शेंगदाणे व्यवस्थित सोसतात. कारण नसताना काढू नका. आईच्या ताटातून जितके पदार्थ जातील तितकी ती खंगते. मी अशा बाया पाहिल्यात, ज्यांनी भीतीपोटी गहू, अंडी, डाळ, सगळंच सोडलं आणि शेवटी दूधच आटलं.

रानजाई | २२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

महिनाभर एकही डाग नाही. वजनाची रेषा वर गेली, आशाताईंनी कार्डावर बोट ठेवून दाखवली. डॉक्टर म्हणाले, सोयाची परीक्षा पिठानं झालीच, दुधाची राहिली. त्यांच्या सांगण्यावरून मी एक कपभर दूध घेतलं. तिसऱ्या दिवशी शेंबूड आणि रक्त. परत बंद. आता शंका उरली नाही.

दिवाळीला सासूबाईंनी शेंगदाणा तेलात बेसनाचे लाडू केले. वळता वळता फुटत होते, पण मी सहा खाल्ले.

रानजाई | २६ जानेवारी, दुपारी १२:३०

सहा महिने पूर्ण झाले. आता वरचं अन्न. बाजारात मिळणाऱ्या पावडरी पाहिल्या, जवळजवळ सगळ्यांत दूध. घरचं काय काय देता येईल?

पळसफूल | २६ जानेवारी, दुपारी १:१०

मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरून चमचाभर शेंगदाणा तेल. डाळीचं नुसतं पाणी नाही, त्यात काही नसतं, चमचा वाकडा केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट. ज्वारीच्या कण्या ताकाऐवजी पाण्यात शिजवून. उकडलेलं रताळं, केळं, उकडलेला आलू. तूर पुढं. अंडं पूर्ण उकडून. शेंगदाणे अख्खे कधीच नाही, कूट खिचडीत शिजवून. एकेक पदार्थ तीन दिवस, मग पुढचा. आणि अंगावरचं चालू, म्हणजे तुझं पथ्यही चालू.

अंजन | २६ जानेवारी, दुपारी २:००

बारशाला, वाढदिवसाला कुणी पेढा चाटवू नये म्हणून मी तिच्या झबल्यावर कापडाची पट्टी शिवली होती, 'मला दूध चालत नाही'. सगळे वाचायचे आणि हात मागे घ्यायचे. तोंडानं सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

जवसाची_चटणी | २६ जानेवारी, दुपारी २:०५

काय सुचलं तुम्हाला! माझ्या नातीसाठी शिवते.

रानजाई | २८ जून, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. मुलगी अकरा महिन्यांची झाली. पेरणी आटोपली, यंदा यांनी घरामागच्या दीड एकरात सोयाबीनऐवजी तूर आणि ज्वारी लावली.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं मे महिन्यात आधी मी तूप सुरू केलं, मग दही, मग दूध. तिला काही झालं नाही. मग तिला थेट. त्यांनी पायऱ्या दिल्या होत्या: आधी दूध घालून खरपूस भाजलेलं बिस्किट, पाव तुकडा, वाढवत अख्खं. मग दशमी. सासूबाई म्हणाल्या, हे मी करणार. परातीत कणीक घेतली, चक्कीवर सकाळी पहिली दळलेली, म्हशीचं दूध कोमट करून चमच्यानं मोजून घातलं. मोजून! ज्या बाईनं आयुष्यात मीठसुद्धा मोजलं नाही. दशमी तव्यावर दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत शेकली, नखाएवढा तुकडा मोडून तिच्या जिभेवर ठेवला आणि तीन दिवस दुपटी स्वतः तपासली, उजेडात धरून. काही नाही. मग कढी उकळून, आणि गेल्या आठवड्यात दही. काही नाही.

सोयाचं मात्र जमलं नाही. मी पोळीतून थोडं घेतलं, चौथ्या दिवशी शेंबूड. डॉक्टर म्हणाले घाई नाही, दीड वर्षाची झाली की परत पाहू.

वैनगंगाकाठ | २८ जून, रात्री १०:४०

बरोबर सांगितलं त्यांनी. वाचणाऱ्यांसाठी: या पायऱ्या घरी चढता येतात त्या रक्त-शेंबडाच्या सौम्य प्रकारात आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. ज्या बाळाला दुधानंतर दोन-तीन तासांत सारख्या उलट्या होऊन ते पांढरं पडलं असेल, किंवा अंगावर गांधी, ओठांवर सूज आली असेल, त्याची परीक्षा दवाखान्यातच.

वऱ्हाडी_काकू | २९ जून, सकाळी ७:२०

दशमी खाल्ली पोरीनं! मायबाई, लय बरं वाटलं वाचून. सासूबाईले माह्या नमस्कार सांग.

नवीन_सभासद_उमरखेड | २९ जून, सकाळी ११:५०

माझा मुलगा नऊ आठवड्यांचा आहे. काल शीमध्ये रक्त दिसलं, ताप नाही, पितो नीट. आज दुपारी पुसदला दाखवायला नेतोय. रात्री सगळा धागा वाचून काढला. सकाळी पहिल्यांदा पिठाचा डबा उघडला आणि आईला विचारलं. आमच्यातही मूठभर असते.

रानजाई | २९ जून, दुपारी १२:०५

दुपटं धुऊ नका, तसंच पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. आणि वहिनींना सांगा, जेवून निघायचं. आल्यावर इथं लिहा, मी वाट पाहते.